पदवीचें शिक्षण आणि अनुभवाची साक्ष

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त पालक व महाविद्यालयीन तरुण-तरुणी यांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव-मंडळानें मला आजच्या सभेंत शिक्षणाविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. अशा प्रसंगीं वक्त्यानें गेल्या पंचाहत्तर वर्षांत आपल्या धर्मग्रामांतून किती शिक्षक झाले, किती डॉक्टर झाले, किती परिचारिका परदेशीं गेल्या, याची नामावळी वाचून दाखवावी असा प्रघात आहे. ती नामावळी या पुस्तिकेंत अन्यत्र छापली आहे, आणि तुमच्याप्रमाणें मलाही तिचा अभिमान वाटतो. परंतु आज मी तुमच्यापुढें निराळाच एक कागद ठेवणार आहें. तो कागद मींच सही करून, देवळाचा शिक्का उठवून, एका महाविद्यालयाकडे पाठविला होता; आणि तो खोटा होता.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. परीक्षेचे दिवस जवळ आले होते. आपल्याच धर्मग्रामांतील वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी सायंकाळीं आपल्या आईबरोबर माझ्या कार्यालयांत आला. त्याच्या हातांत महाविद्यालयाचा छापील नमुना होता. सदर विद्यार्थ्यानें साठ तास समाजसेवेचें काम केलें असून तें समाधानकारक आहे, अशा अर्थाचा मजकूर, आणि खालीं माझ्या सहीची जागा. सोबत बारा पानांचा अहवाल. त्यांत संत विन्सेंट दि पॉल संघाच्या सभासदांबरोबर ज्यांच्या घरीं जाऊन आलों अशा नऊ वृद्धांचीं नांवें होतीं व चार छायाचित्रें होतीं. मला ठाऊक होतें कीं, हा मुलगा दोनच रविवारीं आला होता व दोन्ही दिवस मिळून त्याचे फार तर पांच तास भरले असतील. मीं तसें बोलून दाखविलें. तेव्हां त्याची आई म्हणाली, "फादर, एवढी सही द्या ना. पोराचें वर्ष अडेल. सगळेच असें करतात." मुलगा चांगला, घर ओळखीचें, आणि सायंकाळच्या मिस्सेची घंटा झालेली. मीं सही केली.

पुढें पावसाळ्यांत त्या नऊ जणांपैकीं एक आजी वारल्या. पाऊस मोठा होता. अंत्यविधीला माणसें थोडीं आलीं. शवपेटीला खांदा देण्यास तरुण हवे होते, म्हणून कोणीतरी या मुलालाही बोलावून आणलें. कबरस्थानांतून परततांना त्यानें मला सहज विचारलें, "फादर, या आजी कोण? कोठें राहत होत्या?" मीं त्याच्या तोंडाकडे पाहिलें. त्याच्या अहवालांत तिसरें नांव त्यांचेंच होतें, आणि त्यांच्याशीं झालेल्या संभाषणाचें त्यानें अर्धें पान लिहिलें होतें. क्षणभरानें त्यालाही तें आठवलें असावें, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. आम्ही दोघेही कांहीं न बोलतां देवळापर्यंत चालत आलों.

खोटी साक्ष देऊं नये, ही आठवी आज्ञा मीं आजवर शेंकडों मुलांना शिकविली आहे. त्या रात्रीं ती मला कोणी शिकविण्याची गरज पडली नाहीं. मुलाचा अपराध होताच. पण अहवाल त्याचा असला तरी साक्ष माझी होती. आज हें सारें मी त्या मुलाच्या परवानगीनें सांगत आहें. पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. आधीं, महाविद्यालयें असे दाखले मागतात तरी कां, आणि ज्या शिक्षणाचा तो दाखला असतो तें शिक्षण खरोखर काय आहे, याचा आपण विचार करूं.

आपल्यांतील अनेक पालकांची तक्रार माझ्या कानांवर येते. ते म्हणतात, "फी भरतों आम्ही वर्गांत शिकण्याची, आणि मुलांना धाडतात कोठें वृद्धाश्रमांत, कोठें कारखान्यांत, कोठें गांवची पाहणी करावयास. हें कसलें शिक्षण?" या तक्रारीला आधी वस्तुस्थितीचें उत्तर देतों. २०२० सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केलें. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या डिसेंबरांत पदवीच्या अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक व चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक लागतात. एका सत्रांत व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. हाताच्या कामाचे मात्र तीस तास झाले म्हणजे एक. प्रत्यक्ष उमेदवारी, क्षेत्रावर जाऊन केलेली पाहणी, आणि समाजाच्या कामांतील सहभाग, यांना या हिशेबांत जागा दिलेली आहे. त्याहीपूर्वीं, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे १९६९ सालीं, ३७ विद्यापीठांत सुमारें चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशीं राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. तिच्यांत विद्यार्थ्यानें वर्षाला १२० तास, याप्रमाणें दोन वर्षांत २४० तास काम करावयाचें असतें, व सात दिवसांच्या शिबिरास जावयाचें असतें. सारांश, तुमच्या मुलांना बाहेर पाठविणें ही एखाद्या प्राध्यापकाची लहर नव्हे.

परंतु नियम आहे म्हणून गोष्ट चांगली, असें मी म्हणणार नाहीं. ती चांगली कां, हें दाखविण्यासाठीं मी तुम्हांला एका विद्यार्थ्याची ओळख करून देतों. त्याच्या नांवाशीं जोडलेला संघ प्रत्येक रविवारीं आपल्या देवळाच्या दारांत पेटी घेऊन उभा असतो, तरी त्याचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक आहे.

फ्रेडरिक ओझानाम हा १८१३ सालीं मिलान येथें जन्मला, लिऑन शहरीं वाढला, आणि कायद्याचा विद्यार्थी म्हणून पॅरिसला आला. १८३२ सालीं त्या शहरांत पटकीची भयंकर साथ येऊन हजारों माणसें दगावलीं; गरिबांच्या वस्त्यांचे सर्वांत अधिक हाल झाले. त्या काळीं ओझानाम व त्याचे मित्र एका वादविवाद-मंडळांत जमत. इतिहास, तत्त्वज्ञान, ख्रिस्तसभेनें जगावर केलेले उपकार, असे त्यांचे विषय असत. मुलें हुशार होतीं, वाचलेलीं होतीं, आणि वादांत बहुधा जिंकत. एके दिवशीं विरुद्ध पक्षाच्या एका विद्यार्थ्यानें त्यांना विचारलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कार्यें केलीं हें मान्य. पण आज, या शहरांत, तुम्ही स्वतः काय करीत आहां? या प्रश्नाला त्यांच्या ग्रंथांत उत्तर नव्हतें.

ओझानाम त्या प्रश्नावर रागावला नाहीं; तो मुकाट्यानें कामास लागला. १८३३ च्या एप्रिलच्या २३ तारखेस, त्याच्या विसाव्या वाढदिवशीं, सहा विद्यार्थी एकत्र बसले. त्यांच्यासह सातवे एमान्युएल बेयी हे एक वडीलधारे पत्रकार होते. गरिबांची सेवा करावयाची असें ठरलें. पण कशी करावयाची हें त्यांपैकीं एकाही विद्यार्थ्याला कळत नव्हतें. म्हणून ते रोझाली रांदू नांवाच्या धर्मभगिनीकडे गेले. ती मूफतार नांवाच्या दरिद्री वस्तीत पुष्कळ वर्षें काम करीत होती. तिनें त्यांना व्याख्यान दिलें नाहीं. तिनें त्यांना घरांचे पत्ते दिले, धान्य-सरपणाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबांशीं कसें बोलावें, कोठें बसावें, काय विचारूं नये, हें शिकविलें. पॅरिसच्या विद्यापीठाच्या त्या विद्यार्थ्यांची ती खरी अध्यापिका झाली. २००३ सालीं ख्रिस्तसभेनें तिला धन्यवादित म्हणून घोषित केलें. ओझानामला तो मान त्याआधीं, १९९७ सालीं, पॅरिस येथेंच मिळाला होता.

आतां या गोष्टींतील एक बारकावा ध्यानांत घ्या. हे विद्यार्थी नुसते घरोघर जाऊन थांबले नाहींत. दर आठवड्यास ते एकत्र बसत, प्रार्थना करीत, ज्यानें जें घर पाहिलें त्याची हकीकत सांगे, इतर त्याला प्रश्न विचारीत, आणि पुढच्या भेटींत काय करावयाचें तें ठरे. आपल्या संघाच्या साप्ताहिक सभेचा क्रम आजही तोच आहे. आणि दुसरी गोष्ट: ओझानामनें पुस्तकें टाकून दिलीं नाहींत. त्यानें कायद्यांत व साहित्यांत उच्च पदव्या मिळविल्या. १८३९ सालीं लिऑन येथें व्यापारी कायद्याचें अध्यापन त्याच्याकडे आलें, तेव्हां मजुरी आणि श्रम यांचा विचार त्यानें आपल्या व्याख्यानांत आणला; पुढें तो सोरबॉन येथें प्राध्यापक झाला. मूफतारच्या जिन्यांवर जें पाहिलें तें त्याच्या विद्येंत उतरलें, आणि त्याच्या विद्येमुळें त्या जिन्यांवरील दुःखाचीं कारणें त्याला उलगडूं लागलीं. हीं दोन टोकें एकत्र बांधणें, यालाच मी अनुभवाचें शिक्षण म्हणतों.

कोणी म्हणेल, ही तर दयेची गोष्ट झाली. पोटापाण्याच्या विद्येला याचा काय उपयोग? त्यासाठीं दुसरें उदाहरण घ्या. अमेरिकेंत सिनसिनाटी शहराच्या विद्यापीठांत हर्मन श्नायडर नांवाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांच्या लक्षांत आलें कीं, जे विद्यार्थी शिकतांना कोठें ना कोठें कामही करीत, ते पुढें धंद्यांत अधिक तरतात. शिवाय कारखान्यांतील यंत्रें सारखीं बदलत असतात. विद्यापीठानें त्यांच्या मागें धावून तीं विकत घेणें कधींच परवडत नाहीं. तेव्हां यंत्र विद्यार्थ्याकडे आणण्याऐवजीं विद्यार्थ्यालाच यंत्राकडे पाठवावा, अशी योजना त्यांनीं मांडली. विश्वस्तांना शंका होती. तरी १९०६ सालीं सत्तावीस विद्यार्थी घेऊन आरंभ झाला. दोन-दोन विद्यार्थ्यांची जोडी लावली. एक आठवडा एक जण कारखान्यांत व दुसरा वर्गांत. पुढच्या आठवड्यांत अदलाबदल. कारखान्यांत आलेली अडचण सोमवारीं वर्गांत येई, आणि वर्गांतील सूत्र पुढच्या सोमवारीं कारखान्यांत जाई. ही पद्धति पुढें अमेरिकेंत व कॅनडांत अनेक विद्यापीठांनीं उचलली. हिच्यांतही वर्ग मोडलेला नाहीं, हें पाहा. वर्ग आणि काम यांमधील दार तेवढें उघडें ठेवलें आहे.

येथवर ऐकून एखाद्या तरुणाला वाटेल कीं, मग अनुभवच काय तो खरा, ग्रंथ सारे फोल. तसें मानणें ही मोठी चूक होईल. ज्या जॉन ड्यूईंचें नांव या विषयांत सर्वांत अधिक घेतलें जातें, त्यांनींच १९३८ सालीं अनुभव व शिक्षण यांवर एक लहानसें पुस्तक लिहून आपल्या अनुयायांना इशारा दिला कीं, प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असें नाहीं. कांहीं अनुभव माणसाची वाढ खुंटवितात. याचा अर्थ आपल्याला सहज कळेल. वीस वर्षें एकाच दुकानांत बसून वजनांत मारणाऱ्यालाही अनुभव असतो. दोन रविवार वृद्धांच्या खाटेशेजारीं उभें राहून छायाचित्र काढून घेणाऱ्या मुलालाही अनुभव मिळतोच. तो असा कीं, म्हाताऱ्या माणसांचा उपयोग अहवालाला होतो, आणि धर्मगुरूची सही मागितली कीं मिळते. माझ्या त्या सहीनें मीं त्याला शिकविलें नाहीं असें नव्हे. शिकविलें, पण वाईट शिकविलें.

मग चांगला अनुभव आणि वाईट अनुभव यांत भेद कोणता? येथें मला संत जॉन हेन्री न्यूमन यांचा आधार घ्यावासा वाटतो. १८५२ सालीं डब्लिन येथें त्यांनीं विद्यापीठाच्या स्वरूपावर व्याख्यानें दिलीं, आणि १८५४ सालीं तेथें सुरू झालेल्या कॅथॉलिक विद्यापीठाचे ते पहिले प्रमुख झाले. गेल्या २०२५ सालीं, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस, शिक्षणक्षेत्राच्या जुबिलीच्या दिवशीं, पोप लिओ चौदावे यांनीं त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें. न्यूमन हे कांहीं हस्तव्यवसायाचे पुरस्कर्ते नव्हते. ज्ञान हें ज्ञान म्हणूनच मोलाचें आहे, असें त्यांचें मत होतें. पण त्याच न्यूमननीं १८७० सालीं लिहिलेल्या ग्रंथांत मनाच्या दोन प्रकारच्या संमतींचा भेद सांगितला. एखादें विधान आपण नुसत्या कल्पनेच्या रूपानें मान्य करतों. आणि तेंच विधान एखादे दिवशीं वस्तुरूपानें आपल्यासमोर उभें राहिलें म्हणजे आपण तें निराळ्याच रीतीनें मान्य करतों. विधान तेंच असतें. पण पहिल्या संमतीनें उत्तरपत्रिका भरते, दुसरीनें आयुष्य बदलतें.

याचा प्रत्यय प्रत्येक धर्मगुरूला येतो. गुरुविद्यालयांत मीं रुग्णाभ्यंगाचा विधि पाठ केला होता. परीक्षेंत गुणही चांगले मिळाले. पुढें पहिल्यांदा मरणोन्मुख माणसाच्या उशाशीं उभा राहिलों तेव्हां हातांतील पुस्तकाचीं पानें उलटतां उलटतां माझीं बोटें थरथरूं लागलीं. त्या घरच्या म्हाताऱ्या आईनें माझा हात धरून तिच्या मुलाच्या कपाळाशीं नेला. विधि मला पुस्तकानें शिकविला. तो कोणासाठीं आहे हें त्या माउलीनें शिकविलें. पुस्तक नसतें तर मी तेथें निरुपयोगी ठरलों असतों, आणि ती माउली नसती तर पुस्तक माझ्या हातांत नुसतें थरथरत राहिलें असतें.

प्रभु येशूची रीतही हीच होती. त्यानें आपल्या बहात्तर शिष्यांना दोन-दोन करून गांवोगांव पाठविलें, हें लूकच्या शुभवर्तमानांत तुम्हीं ऐकलें आहे. पाठविण्यापूर्वीं त्यानें त्यांना शिकविलें: काय न्यावें, कोठें उतरावें, कसें अभिवादन करावें. ते परतले तेव्हां हर्षानें सांगूं लागले. त्यानें त्यांचें ऐकून घेतलें. आणि आनंद कशाचा मानावा याविषयींची त्यांची समजूत सुधारली. मार्कच्या शुभवर्तमानांत प्रेषित कामावरून परत येऊन सर्व हकीकत सांगतात, तेव्हां तो त्यांना एकांतांत विश्रांतीसाठीं बोलावतो. शिकविणें, पाठविणें, परत आल्यावर ऐकून घेणें, आणि शांतपणें विचार करावयास लावणें, असे हे चार टप्पे आहेत. येशूसंघाच्या शाळा-महाविद्यालयांसाठीं १९९३ सालीं जी मार्गदर्शिका निघाली तिच्यांतही अनुभव, चिंतन व कृति हींच मुख्य सूत्रें आहेत. आपल्या महाविद्यालयांत पहिले दोन टप्पे कसेबसे होतात. तिसरा आणि चौथा गळतो, व त्यांच्या जागीं छापील नमुना येतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. गरिबाचें घर ही विद्यार्थ्याची प्रयोगशाळा नव्हे. आपण तेथें जातों, प्रश्न विचारतों, लिहून घेतों, आणि पुन्हां फिरकत नाहीं. हा त्या घराचा अपमान आहे. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांनीं वैद्यकीय महाविद्यालय काढलें. तेथें विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीला एक खेडें नेमून दिलें जातें. आरंभींच विद्यार्थी त्या खेड्यांत शिबिर करून राहतात, कांहीं कुटुंबें आपलीं मानतात, आणि पुढेंही त्यांच्याकडे जात राहतात. ताप कोणत्या जंतूनें येतो हें ते वर्गांत शिकतात. ताप आलेली बाई दवाखान्यांत उशिरां कां येते हें त्यांना त्या घराच्या ओसरीवर कळतें. पण तें कळण्यासाठीं पुन्हां पुन्हां जावें लागतें. नात्यावांचून मिळालेली माहिती बहुधा अर्धवट, व कधीं कधीं खोटीही असते.

आतां माझ्या त्या कागदाकडे परत येतों. कबरस्थानांतून परतल्यावर दोन दिवसांनीं तो मुलगा आपण होऊन माझ्याकडे आला. आम्ही बोललों. त्याच्या संमतीनें मीं महाविद्यालयास पत्र लिहून माझी साक्ष मागें घेतली व चूक माझी असल्याचें कळविलें. त्याचे ते श्रेयांक रद्द झाले. पुढच्या सत्रांत तें काम पुन्हां करण्याची मुभा मिळाली. त्याच्या आईला फार वाईट वाटलें. कित्येक रविवार तिनें देवळांत माझ्याकडे पाहिलें नाहीं, आणि मीं तिला दोष दिला नाहीं. कारण पहिल्याच दिवशीं मीं नकार दिला असता तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

या खेपेस संघाच्या सभासदांनीं त्याला नऊ घरें दिलीं नाहींत, दोनच दिलीं. त्यांपैकीं एका घरीं एक विधवा बाई राहतात. सरकारच्या निराधार योजनेचें त्यांचें अनुदान चार महिने बंद होतें, आणि कां बंद होतें हें त्यांना कोणी सांगत नव्हतें. मुलानें कागद पाहिले. आधारपत्रावर नांव एका तऱ्हेनें लिहिलेलें, बँकेच्या पुस्तकावर दुसऱ्या तऱ्हेनें. माझ्याकडील बाप्तिस्म्याच्या वहींत तिसऱ्याच तऱ्हेनें. आपल्यांत मरिया, मारी आणि मेरी ही एकच बाई असूं शकते, आणि आडनांवाची अक्षरें तर लिहिणाऱ्या कारकुनागणिक बदलतात, हें तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. यंत्राला तें ठाऊक नसतें. त्यांत भर अशी कीं, भाजीच्या वाफ्यांत जन्मभर राबून त्या बाईंच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, व ठशाचें यंत्र त्यांना ओळखीत नव्हतें. मुलगा तीन वेळां बँकेंत व दोन वेळां तहसील कचेरींत त्यांच्याबरोबर गेला. मीं बाप्तिस्म्याचा दाखला दिला. हा मात्र खरा होता. प्रतिज्ञापत्र झालें, नांव जुळलें, अनुदान सुरू झालें.

ग्राहकाची ओळख पटविणें, हा विषय त्या मुलाच्या बँकिंगच्या पुस्तकांत होताच. त्यावर त्यानें परीक्षेंत उत्तरही लिहिलें होतें. आतां तो त्याच प्रकरणाकडे पुन्हां गेला. हा नियम कां केला, त्यानें कोणती लबाडी थांबते, आणि थांबवितांना कोणाच्या पोटावर पाय येतो, असे तीन प्रश्न घेऊन तो आपल्या प्राध्यापकांकडे गेला. त्यांनीं त्याला आणखी वाचावयास दिलें. त्याचा या खेपेचा अहवाल सहाच पानांचा आहे, आणि त्यांत छायाचित्र नाहीं. तो मीं वाचला, आणि मग सही केली. माझ्या मतें पदवीच्या शिक्षणांत अनुभवाचें जें काम आहे तें हेंच: विद्यार्थ्याला पुस्तकापासून तोडावयाचें नाहीं, तर खरा प्रश्न हातीं देऊन पुस्तकाकडे परत पाठवावयाचें.

म्हणून या अमृतमहोत्सवाच्या वर्षीं मी धर्मग्राम परिषदेच्या विचारानें कांहीं गोष्टी ठरवून तुमच्यापुढें ठेवतों. पहिली, काम पाहिल्यावांचून या कार्यालयांतून कोणत्याही विद्यार्थ्यास सेवेचा दाखला मिळणार नाहीं. मातांनो आणि पित्यांनो, कृपा करून तो मागूं नका, कारण तुम्ही मागितलात तर नाहीं म्हणणें मला जड जातें हें मीं आतांच कबूल केलें आहे. दुसरी, ज्या विद्यार्थ्याला काम करावयाचें असेल त्याला एक किंवा दोन घरें, अथवा एकच काम, नेमून दिलें जाईल. आणि त्यानें सत्र संपेपर्यंत तेथेंच जावें. तिसरी, दर पंधरवड्यास शनिवारीं सायंकाळीं आपण एक तास एकत्र बसूं. प्रत्येकानें काय पाहिलें, काय कळलें नाहीं, आणि आपल्या अभ्यासांतील कोणत्या भागाशीं तें जुळतें, हें सांगावें. चौथी, सत्रांतून एकदां विद्यार्थ्यांच्या प्राध्यापकांना आपण येथें बोलावूं.

काम नाहीं असें मात्र म्हणूं नका. विज्ञान शाखेच्या मुलांनो, आपल्या विहिरींचें पाणी खारें होत चालल्याची तक्रार घराघरांत आहे. वर्षभर दर महिन्याला तेंच पाणी तपासून त्याची नोंद कोण ठेवील? इतिहासाच्या मुलींनो, बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या वह्यांचीं पानें जीर्ण होत आहेत. त्यांची यादी करावयाची आहे. कला शाखेच्या मुलांनो, आपल्या आज्यांच्या तोंडीं लग्नाचीं गाणीं आहेत. त्या आहेत तोंवरच तीं उतरून घेतां येतील. वाणिज्याच्या मुलांना काय करतां येतें तें मीं आतांच सांगितलें.

आणि संघाच्या वडीलधाऱ्या सभासदांनो, भगिनी रोझालीचें काम आतां तुमचें आहे. हीं मुलें उशिरां येतील, भलतेंच बोलतील, भ्रमणध्वनींत डोकें घालून बसतील. त्यांना परत पाठवूं नका. घराचा पत्ता द्या, कसें बोलावें तें शिकवा, आणि परत आलीं म्हणजे त्यांचें ऐकून घ्या.

त्या स्वर्गवासी आजींसाठीं मी उद्यांच्या महोत्सवी मिस्सेंत प्रार्थना करणार आहें. त्यांचें नांव मीं येथें घेतलें नाहीं. ज्यांना तें ठाऊक आहे त्यांनीं माझ्याबरोबर प्रार्थना करावी. आणि ज्यांना ठाऊक नाहीं त्यांनीं आपल्या शेजारच्या घरांत आज कोण एकटें आहे, तिचें नांव विचारून घ्यावें.

परमेश्वर आपल्या मुलांना विद्या देवो, त्या विद्येला डोळे देवो, आणि आपल्या धर्मग्रामाला सत्य साक्ष देण्याचें धैर्य देवो, अशी पवित्र मातेच्या मध्यस्थीनें प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.